मतदानाचा दिवस, उमेदवाराच्या बाजूनं

(दृश्य: साताऱ्याचा पोवई नाका, उजाडायच्या आधी. चहाच्या गाड्यावर स्टोव्ह पेटलेला. मागं अजिंक्यताऱ्याची काळी कड.)

मतदानाच्या दिवशी उमेदवाराला मत मागता येत नाही. 2 डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत जाहीर प्रचार आदल्या रात्री 10 वाजता थांबला. चिन्हवाटप झालं होतं 26 नोव्हेंबरला. म्हणजे अपक्षाला आपलं चिन्ह घराघरांत पोचवायला आठवडाही मिळाला नाही. आता त्याच्या हातात उरली मतदारयादी, आणि मतदान केंद्रात बसणारी त्याची माणसं.

आधी यादीचं बघू, कारण दिवसभराची निम्मी भांडणं तिच्यावरून होतात. साताऱ्यात याआधीचं नगरपालिकेचं मतदान 2016 साली झालं होतं. मधल्या काळात, 2020 मध्ये हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग शहरात आला आणि तिथले लोक पहिल्यांदाच नगरसेवक निवडायला निघाले. यादी होती विधानसभेची, 1 जुलै 2025 रोजीची, प्रभागांप्रमाणे फोडलेली. अशी फोड करताना हद्दीवरच्या गल्लीतलं एखादं घर शेजारच्या प्रभागात जातं. नवरा एका केंद्रावर, बायको दुसऱ्या, असंही होतं. हरकती घ्यायची मुदत केव्हाच संपलेली असते. मतदानादिवशी यादीत नाव घालून मिळत नाही.

म्हणून जाणता उमेदवार यादीच्या दोन प्रती करून ठेवतो. एक आडनावाप्रमाणे लावलेली, दुसरी गल्लीप्रमाणे. पहिली बाहेरच्या टेबलावर. मतदार येऊन नाव सांगतो आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या हातात चिठ्ठी पडायला हवी: नाव, यादी भाग, अनुक्रमांक, केंद्र, खोली. शाळेत एकाच आवारात तीन-चार खोल्यांत मतदान असतं. खोली लिहिली नाही, तर माणूस चुकीच्या रांगेत अर्धा तास उभा राहतो आणि वैतागून घरी जातो. चिठ्ठी कोऱ्या कागदावरच हवी. चिन्ह छापलेली चिठ्ठी केंद्रात सापडली, तर तक्रार ठरलेली. टेबलही केंद्रापासून 100 मीटरच्या पट्ट्याबाहेर.

(दृश्य: शाळेची खोली. फळ्यावर कालचा सुविचार. बाकं भिंतीला लावलेली.)

मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं, पण उमेदवाराचा दिवस ठरतो त्याच्या आधीच्या तासाभरात. मतदान प्रतिनिधी, म्हणजे आपण ज्याला पोलिंग एजंट म्हणतो तो, अभिरूप मतदानाला हजर हवा. केंद्राध्यक्ष सगळ्यांसमोर बटणं दाबून दाखवतात, निकाल काढतात, मग यंत्र शून्यावर आणून सील करतात. प्रतिनिधीनं इथं तीन कामं चुकवायची नाहीत: शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राचा, क्रमांक वहीत उतरवायचा, सीलवर सही करायची. ‘‘येतोच दहा मिनिटांत’’ म्हणणारा एजंट पावणेआठला आला, तर हे सगळं त्याच्या गैरहजेरीत उरकलेलं असतं. प्रतिनिधीच्या नेमणुकीचं पत्र आदल्या रात्रीच उमेदवाराच्या सहीनं तयार हवं, आणि बदली माणसाचंही. जेवायला उठलेल्या एजंटाची खुर्ची दुपारी रिकामी राहते, आणि दुसऱ्याच्या नावावर मत टाकायला कुणी येणार असेल तर तो तीच वेळ साधतो.

प्रतिनिधी खरा उपयोगी पडतो तो ओळख पटवताना. तो त्याच गल्लीतला असावा. नात्यातला असण्यापेक्षा म्हाताऱ्याकोताऱ्यांना नावानं ओळखणारा बरा. यावेळी यादीत संभाव्य दुबार नावांपुढं दोन तारे होते. असा मतदार आला, की त्याच्याकडून दुसरीकडं मतदान केलेलं नाही, करणारही नाही, असं लिहून घ्यायचं होतं. प्रतिनिधीनं तारांकित नावांची वेगळी यादी जवळ ठेवली, तर गर्दीतही नजर चुकत नाही. आणि एखाद्याचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल, तर त्यानं परत फिरू नये. ओळख पटली की त्याला प्रदत्त मत देता येतं, मतपत्रिकेवर. हे बऱ्याच मतदारांना माहीत नसतं. प्रतिनिधीला मात्र ते ठाऊक असलंच पाहिजे.

आता यंत्र. दोन सदस्यांच्या प्रभागात मतदाराला तीन मतं द्यायची असतात: एक नगराध्यक्षासाठी, एक ‘अ’ जागेसाठी, एक ‘ब’ जागेसाठी. विधानसभेला एक बटण दाबायची सवय. त्यामुळं माणूस पहिलं बटण दाबतो आणि निघतो. तिन्ही मतं पडल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. मग कर्मचारी त्याला परत बोलावतात, रांग थांबते. ज्याला एखाद्या जागेवर कुणीच नको, त्यानं त्या जागेचं नोटा दाबायचं. पक्षाच्या पॅनेलमधल्या उमेदवारांना हे जड जात नाही, एकच चिन्ह तीनदा शोधायचं. अपक्षाचं तसं नाही. आपली जागा ‘अ’ की ‘ब’, आणि त्या जागेत आपला क्रमांक कितवा, हे त्यानं प्रचारात नुसत्या चिन्हापेक्षा जास्त वेळा सांगायला हवं होतं.

(दृश्य: रांग. स्वेटर, मफलर, एक आजी नातवाच्या हाताला धरून.)

टक्केवारी दर दोन तासांनी कळते: साडेनऊ, साडेअकरा, दीड, साडेतीन. गल्लीप्रमाणे केलेली दुसरी यादी इथं कामाला येते. कुणी मत देऊन आलं, त्याच्या नावावर रेघ. साडेअकराला ज्या गल्लीत रेघा कमी, तिथं माणूस पाठवायचा, फक्त आठवण करायला. गाडी पाठवायची नाही. मतदारांची ने-आण करणं हा निवडणुकीतला गुन्हा आहे, आणि तक्रार करायला समोरचे टपलेलेच असतात. पुण्यात नोकरीला असलेल्यांची नावं वेगळी काढावी लागतात. 2 डिसेंबरला मंगळवार होता. त्यांना आदल्या दिवशीच फोन गेला, तर ते संध्याकाळच्या एसटीनं येतात. दुपारी केलेला फोन वाया जातो.

महिला उमेदवारांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी केंद्राच्या दारात पुष्कळदा ‘साहेब’ उभे दिसतात. आत जाण्याचा हक्क उमेदवाराचा, तिच्या निवडणूक प्रतिनिधीचा आणि मतदान प्रतिनिधीचा. यांतलं काहीच नसेल, तर नवरा म्हणून त्याला आत प्रवेश नाही. ताईंनी स्वतः प्रत्येक केंद्रावर जावं. केंद्राध्यक्षांशी बोलायचं ते त्यांनीच.

आणि उमेदवाराचं स्वतःचं मत? तो त्याच शहराच्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो. नाव दुसऱ्या प्रभागात असेल, तर स्वतःला मत देता येत नाही. तरी ते सकाळीच देऊन मोकळं व्हावं, नंतर राहून जातं.

साडेपाचला जे आवारात रांगेत आहेत, त्यांना मतदान करता येतं. मग केंद्राध्यक्ष क्लोजचं बटण दाबतात. दमलेला एजंट इथंच निघून जातो, आणि हे सगळ्यात महागात पडतं. एकूण मतांचा आकडा, कंट्रोल युनिटचा क्रमांक, सीलचे क्रमांक हे सगळं उतरवून घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही.

यावेळी या वहीची किंमत आणखी वाढली. मतमोजणी दुसऱ्या दिवशी, 3 डिसेंबरला होणार होती. न्यायालयाच्या आदेशानं ती 21 डिसेंबरला गेली. तोवर यंत्रं सुरक्षा कक्षात. मोजणीच्या टेबलावर यंत्र आलं, की आधी क्रमांक आणि सील वहीशी ताडायचं, मग एकूण मतं. फरक दिसला, तर हरकत तिथंच, लेखी द्यायची, पुढच्या फेरीची वाट न बघता.

गुलाल उडो न उडो, खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. ‘अ’ वर्गाच्या, म्हणजे मोठ्या शहराच्या, नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला 5 लाखांची मर्यादा होती. टेबल, मांडव, एजंटांचे जेवणाचे डबे, सगळं त्यात धरायचं. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा असतो. पडलेल्या उमेदवारानंही.