रात्री झोपता येईल अशी होडी

मंडळी, बाहेर ट्रेलरवर उभी असलेली होडी येताना तुम्ही पाहिलीच असेल. ती माझी दुसरी. पहिली मी घेतली ती दिसायला देखणी म्हणून. शर्यतीची शिडाची होडी, हलकी, जरा वारा लागला की पळणारी. पहिल्याच मोसमात, इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमध्ये, इचेनॉर गावासमोर उलटली. मी आणि बायको दोघंही पाण्यात. होडी सरळ केली, पण आत काठोकाठ पाणी. चढायला गेलो की पुन्हा कलंडायची. तिसऱ्या खेपेला बोटं इतकी गारठली की दोर धरवेना. एका मोटारबोटवाल्याने ओढून किनाऱ्याला लावलं, म्हणून आम्ही आलो.

त्यानंतर मी होडी बघताना ती किती पळते हे विचारायचं सोडून दिलं. आता दोनच गोष्टी बघतो. उलटली तर आम्हा दोघांनाच ती सरळ करून आत चढता येईल का? आणि रात्री तिच्यात पाय पसरून झोपता येईल का?

होडीतून भटकायचं आणि होडीतच मुक्काम करायचा, ही इथली जुनी आवड आहे. अशा लोकांची डिंगी क्रूझिंग असोसिएशन (डिंगी म्हणजे छोटी उघडी होडी) १९५५ पासून चालू आहे. बाहेरची होडी वेफेअरर जातीची, इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली. लांबी ४.८२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन १७० किलोच्या आसपास. पुढे एक आणि मागे एक असे हवाबंद कप्पे आहेत. होडी भरली तरी ते तिला तरंगती ठेवतात, आणि अंथरूण-पांघरूण कोरडं राहतं तेही त्यांच्याचमुळे. तळाला सपाट फळ्या आहेत. मधोमध सेंटरबोर्डची, म्हणजे पाण्यात खाली सोडायच्या पात्याची, पेटी आहे. तिच्या एका बाजूला मी झोपतो, दुसऱ्या बाजूला बायको.

याच जातीच्या 'वाँडरर' नावाच्या होडीतून फ्रँक डाय एका सोबत्याला घेऊन १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले. पुढच्या वर्षी नॉर्वेला जाताना वादळात होडी चार वेळा उलटली, डोलकाठी मोडली, तरी दोघं पोचले. त्यांचं अनुकरण करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण चार वेळा उलटूनही जी माणसांना परत आत घेते, ती होडी काय चीज आहे ते यावरून कळतं.

दुसऱ्या होड्या वाईट आहेत असं नाही. लाल शिडांची मिरर ३.३ मीटरची, दोघं सहज उचलतात. एकट्या माणसाला किंवा मुलांना शिकवायला उत्तम, दोघांना झोपायला मात्र अपुरी. ड्रॅस्कम लगर ऐसपैस आणि भरवशाची, पण ती वाळूवर ओढायला दोघांचं बळ पुरत नाही. वजन वाढलं की स्थिरपणा वाढतो आणि किनाऱ्यावरची मोकळीक कमी होते. तुमच्या घरात ओढणारे हात किती, ते मोजा आणि मग ठरवा.

जुनी होडी घ्यायला काहीच हरकत नाही, माझीही जुनीच आहे. फक्त रंगावर भाळू नका. कप्प्यांची झाकणं उघडून आत हात घाला. ओल लागली तर पाणी कुठून शिरतं ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. लाकडी असेल तर पुढच्या डेकखाली आणि सेंटरबोर्डच्या पेटीच्या बुडाशी चाकूचं टोक दाबून पाहा. लाकूड मऊ लागलं की समजायचं, आत कुजलंय. सेंटरबोर्ड पूर्ण खाली-वर करून बघा. गोट्यांच्या किनाऱ्यावर एखादा खडा त्या फटीत अडकला की पातं खाली उतरत नाही, आणि पातं नाही तर होडी वाऱ्याच्या विरुद्ध पुढे सरकत नाही, नुसती आडवी वाहत जाते. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंगही बघून घ्या. खाऱ्या पाण्यात ते सगळ्यात आधी जातात.

आता रात्रीचं. इंग्लंडमध्ये किनारा दिसला म्हणून तंबू ठोकता येत नाही, जागामालकाची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तशी मुभा आहे. म्हणून इथे आम्ही तंबू होडीवरच उभारतो, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, वर उचलून बांधायचा आणि त्यावरून कापड टाकायचं.

पण मुक्कामाला कुठल्या दिवशी निघायचं? इथे मला देवगडचे माझे आजोबा आठवतात. ते म्हणायचे, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चिचेस्टर हार्बरला हाच हिशोब जवळपास लागू पडतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उन्हाळ्यात घड्याळ पुढे असतं, तेवढा एक तास मिळवायचा. निघण्याआधी छापील वेळापत्रक बघायचंच, पण बेत मी तिथीवर आखतो.

आणि बेत अष्टमीचा. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. संध्याकाळी सहा-सातला भरतीबरोबर खाडीत आत शिरायचं, नांगर टाकायचा, चहा करायचा. मध्यरात्रीपर्यंत पाणी उतरतं आणि होडी चिखलावर अलगद बसते. वेफेअररचा तळ रुंद आहे, फारशी कलत नाही. पहाटेच्या भरतीला ती आपोआप उचलली जाते. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांत पाणी पुन्हा दिवसेंदिवस चढायला लागतं, त्यामुळे फार दिवस अडकून पडायची भीती नाही. उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, सरत असताना भरतीच्या अगदी वरच्या रेषेला होडी लावलीत, तर मात्र पुढच्या उधाणापर्यंत तिथेच बसाल.

होडी टेकते तो क्षण झोपेतही कळतो. बाजूंना लागणारं पाणी गप्प होतं, मग चिखलातून बारीक बुडबुड्यांचा आवाज यायला लागतो. तंबूच्या कापडावर आतून दव धरतं, हात लागला की थेंब तोंडावर. पहाटे फळ्या एकदा हलतात, पुन्हा हलतात, आणि पाठीखालचा घट्टपणा नाहीसा होतो. मी डोळे न उघडता बायकोला सांगतो, तरंगली.

एवढंच सांगायचं होतं. बाहेर होडीत चटया टाकून ठेवल्या आहेत. झाकणं उघडून बघा, पातं खाली-वर करा, आणि ज्यांना अशी होडी घ्यायची आहे त्यांनी दोघा-दोघांनी आत आडवं होऊन बघा.