बाहेरचं दार दिसू द्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ईमेलबद्दल, आणि मुख्यतः छोटा धंदा करणाऱ्यांशी, म्हणजे कुणी हापूसच्या पेट्या विकतं, कुणाचं कोकणात होमस्टे आहे, कुणाचे क्लासेस आहेत, आणि गिऱ्हाइकांना अधूनमधून ऑफरचा मेल जातो. असे मेल पाठवून द्यायचं काम मी करतो, त्यामुळे हे रोज बघतोय.

मागच्या दिवाळीत बाबा मोबाइल घेऊन आले, म्हणाले, "अरे हे रोज येतंय, बंद कर ना." एका टूर कंपनीचा मेल होता, चार वर्षांपूर्वी आई-बाबा एकदाच त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा दिलेला पत्ता. वर भलंमोठं केशरी बटण, आत्ताच बुक करा, आणि अनसबस्क्राइब, म्हणजे हे मेल बंद करायची लिंक, कुठे तर खाली, आणखी खाली, सगळ्या अटी-शर्ती संपल्यावर, पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात, इतकं बारीक की बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी धरला तरी दिसेना. मी दाबलं, तर म्हणे आधी लॉगिन करा. पासवर्ड आठवेना, नवा मागितला तर ओटीपी जाणार जुन्या नंबरवर, आणि तो नंबर कधीच बंद झालाय. वीस मिनिटं गेली यात! शेवटी बाबांनीच विचारलं, "ते स्पॅम लिहिलंय ते काय असतं?" आणि दाबून मोकळे झाले.

धंदेवाल्यांनो, इथे नीट ऐका. ते स्पॅमचं, म्हणजे 'हा नकोसा मेल आहे' असं कळवणारं बटण दाबलं की ती तक्रार जीमेलकडे जमा होते, आणि जीमेल पाठवणाऱ्यांना स्पष्ट सांगतं की तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजार मेलमागे तीन जण. तीनच! त्याच्यावर गेलात की ज्या गिऱ्हाइकाला खरंच तुमचा आंबा हवाय, जो वाट बघतोय पेटी कधी निघणार म्हणून, त्याला पाठवलेला मेलही स्पॅममध्ये जाऊन पडायला लागतो आणि तुम्हाला वाटतं यंदा ऑर्डरच नाहीत. ज्याला जायचंय त्याला अडवलं की फटका असा बसतो.

मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना (जीमेलच्या हिशेबात त्यांच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर) तर जीमेल आणि याहूने २०२४ मध्ये सक्तीच केली, मार्केटिंगच्या मेलला एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे, आणि दोन दिवसांत नाव यादीतून निघालं पाहिजे. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी अनसबस्क्राइब असं दिसतं ना, ते त्यातलंच. त्यासाठी मेलच्या आत, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या भागात दोन ओळी घालाव्या लागतात, पण मेल पाठवायची बहुतेक चांगली सॉफ्टवेअरं ते स्वतःच करतात, तुम्ही फक्त ते चालू आहे ना एवढं विचारा.

अमेरिकेत तर २००३ सालचाच कायदा आहे, त्याचे नियम सांगतात, बाहेर पडायला पैसे मागायचे नाहीत, ईमेल पत्त्याशिवाय दुसरी माहिती मागायची नाही, म्हणजे बाबांना अडकवणारं ते लॉगिन तिथे चाललंच नसतं. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. मला हे फार पटतं. पत्ता घेताना आपण काउंटरवर वही पुढे करतो, ताई मेल आयडी लिहा ना, दहा सेकंदांचं काम, मग सोडतानाच वीस मिनिटं का?

माझ्याकडे एक होमस्टेवाल्या काकू आहेत. लोक सोडून जातील म्हणून त्या लिंक द्यायलाच घाबरत होत्या. मी म्हटलं काकू, मेलच्या अगदी वरती लिहा, साध्या मराठीत, "हे मेल नको असतील तर इथे दाबा," आणि खाली दुसरा पर्याय द्या, "फक्त मे महिन्याच्या सुट्टीआधी कळवा." काही जण गेले, हो, गेलेच. पण बऱ्याच जणांनी तो दुसरा पर्याय घेतला, काकूंना ते सुचलंच नव्हतं की लोकांना त्या नकोशा नाहीयेत, दर आठवड्याचा मेल नकोसा आहे.

आणि बुकिंगची पावती, बिल, असले मेल वेगळे ठेवा बरं का, ऑफर बंद केली म्हणून पावती थांबता कामा नये.

आज रात्री एक करा. तुमचाच मेल घरच्या कुणा वयस्कर माणसाच्या फोनवर पाठवा, म्हणा यातून बाहेर पडून दाखवा, आणि मदत न करता शेजारी बसून नुसतं बघा.