धुकं नव्हे, फडाचा धूर

(राजहंसगडाचा बुरूज, पहाट)

जानेवारीतली सकाळ, पावणेसात. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून समोर बेळगाव दिसायला हवं. दिसतोय एक दुधट थर, आणि त्यातून डोकं काढलेला वैजनाथाचा डोंगर. फोटोला झकास! आम्हीही धुकं समजून भरपूर काढले.

थराची वरची कड बघा, पट्टीनं आखल्यासारखी. रात्री शिवार गार पडतं. गार हवा जड, ती उताराउतारानं मार्कंडेय नदीच्या खोलगटात येऊन बसते. वर उबदार हवेचं झाकण. समोरच्या वीटभट्टीचा हा धूर सरळ चढला, झाकणाला टेकला आणि आडवा झाला. पेटवलेल्या फडांच्या धुराचंही तसंच.

(उसाचा फड, आदली संध्याकाळ)

फड पेटवलाय. पाला जळाला की तोडणी पटापट होते, टोळीच्या हातांना पात कापत नाही. काळी काजळी दोरीवरच्या धुण्यावर पडते, ती निदान दिसते. नजर अडवणारे कण दिसत नाहीत. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाच्या जाडीचा साधारण तिसावा हिस्सा. उजेडाची लहर ०.४ ते ०.७ मायक्रॉनची. कण त्याच मापाच्या आसपास असला की उजेड सर्वांत जास्त विखुरतो. डोंगराकडून डोळ्याकडे निघालेला उजेड वाटेत फाकतो, इकडचातिकडचा उजेड त्यात मिसळतो, आणि डोंगर पुसट होत जातो. पहाटेच्या दमट हवेत हेच कण पाणी ओढून फुगतात. उगवतीकडे तोंड केलं तर सगळं आणखीच पांढरं.

हवामान खात्याच्या हिशेबात १००० मीटरच्या आतलंच दिसलं तर धुकं. आमची खूण सोपी: मिशी भिजली तर धुकं, नाक झोंबलं तर धूर.

दमेकऱ्यांचं तर सांगायलाच नको.

(शेजारचा फड, जवळून)

इथं काडी लावलेली नाही. पाला सरीतच पसरलाय. हातानं बाजूला सारला तर खाली माती ओली, दोन गांडुळं. पाणी देऊन बरेच दिवस झालेत म्हणे.

(पुन्हा बुरूज)

साडेदहा. जमीन तापली, झाकण मोडलं. थर विरळ होऊन वर चढला. इमारती एकेक करून बाहेर आल्या, पाण्याच्या टाक्याही मोजता येतात. वैजनाथामागची सह्याद्रीची रांग मात्र आजही दिसली नाही.

(हा शॉट दहा सेकंद तसाच ठेवावा. संगीत नको.)