पाच वेळा उठा, पाच वेळा बसा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या स्नायूंची ताकद आणि पक्षाघात यांच्या नात्याविषयी. हे ऐकताना खुर्चीत बसला असाल, तर एक करून बघा. हातांची घडी छातीवर घाला आणि कशालाही न धरता लागोपाठ पाच वेळा उठा-बसा. तोल जात असेल किंवा गुडघे दुखत असतील तर मात्र नको. किती सेकंद लागले? युरोपातल्या तज्ज्ञांच्या मते 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांच्या स्नायूंची ताकद कमी झाली असावी. आशियातल्या तज्ज्ञांनी 12 सेकंदांवरच सावध व्हायला सांगितलं आहे.

याचा पक्षाघाताशी काय संबंध? पक्षाघात म्हटला की आपल्याला रक्तदाब आठवतो, तंबाखू आठवते. ते बरोबरच आहे. रक्तदाब हेच त्याचं सर्वांत मोठं कारण. पण 2015 साली 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाला एक यंत्र मुठीत आवळायला सांगितलं होतं. मुठीची पकड 5 किलोनं कमी, तर पक्षाघाताचा धोका 9 टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं.

म्हणून ढिल्या मुठीमुळेच झटका येतो, असं मी म्हणणार नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाची पकडही सैल होते. तरी स्नायूंचं काम पाहिलं की हे नातं वरवरचं वाटत नाही. जेवणानंतर इन्शुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातली साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायूंत जाऊन साठतो. हे कोठार लहान झालं की साखर रक्तात रेंगाळते आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांना आतून इजा करत राहते. यात मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्याही आल्या. शिवाय काम करणारा स्नायू रक्तात काही रसायनं सोडतो, त्यांतली काही शरीरातली सूज शमवतात. त्यांना मायोकाइन्स म्हणतात.

आणि हे कोठार गुपचूप रिकामं होतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर त्याहून वेगानं. याला सार्कोपेनिया म्हणतात. वजनकाट्याला हे कळत नाही. फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणारे एक आजोबा अभिमानानं सांगायचे, “वीस वर्षांत माझं वजन किलोभरही हललं नाही.” त्यांचा कमरेचा पट्टा शेवटच्या भोकात गेला होता आणि पँटच्या पायात मांडी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. स्नायू गेले, त्यांच्या जागी चरबी आली, आणि काटा होता तिथेच राहिला. मला त्या काट्याचा फार राग येतो.

रोजचं चालणं चांगलंच, ते सोडू नका. पण चालण्यानं स्नायूंवर पुरेसा भार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम सांगते, आणि सत्तरीतही त्यांनी ताकद वाढते. जोडीला जेवणात प्रथिनं हवीत. किडनीचा त्रास असेल तर त्यांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

रक्तदाब असणाऱ्यांनी एक जपा. जोर लावताना श्वास रोखला की दाब एकदम चढतो. म्हणून खुर्चीतून उठताना मोठ्यानं आकडे मोजा: एक, दोन, तीन. बोलता बोलता श्वास कोंडून ठेवता येत नाही.