इंग्रजीत शिकायचे, मराठीत ऐकायचे

या खोलीत दोन खुर्च्या आहेत. त्या अगदी समोरासमोर नसून किंचित तिरक्या मांडलेल्या आहेत, म्हणजे बोलणाऱ्याला हवे तेव्हा ऐकणाऱ्याकडे पाहता येते आणि नको असेल तेव्हा खिडकीकडे नजर वळवता येते. घड्याळही अशा जागी आहे की समुपदेशकाला ते मान न वळवता दिसावे. या माहितीपटात प्रत्यक्ष समुपदेशनाची एकही बैठक दिसणार नाही. इथे बोललेले शब्द इथेच ठेवायचे, हा या शिक्षणाचा पहिला नियम आहे आणि तो आमच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. आपण पाहणार आहोत ती या खुर्चीत बसण्याची पात्रता येण्याआधीची दोन वर्षे.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था असो किंवा मुंबई-पुण्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालये असोत, मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची बाहेरची चौकट सगळीकडे साधारण सारखीच असते. चार सत्रे, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकारांची ओळख, मानसशास्त्रीय चाचण्या, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि शेवटी प्रबंध. हा सगळा अभ्यास पुस्तकांतून करता येतो आणि परीक्षेत लिहिताही येतो. समुपदेशक मात्र घडतो तो या चौकटीच्या आत चालणाऱ्या प्रात्यक्षिकांत, आणि ती प्रात्यक्षिके बाहेरच्यांना फारशी माहीत नसतात.

पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले जातात. एक समुपदेशक होतो, दुसरा आपली एखादी खरीखुरी पण फार खोल नसलेली अडचण मांडतो आणि तिसरा केवळ निरीक्षण करतो. निरीक्षकाच्या वहीत सुरुवातीला जवळजवळ नेहमी एकच नोंद सापडते: दोन-तीन मिनिटे होतात न होतात तोच समुपदेशकाने सल्ला दिला. ‘तू रूम बदलून बघ’, ‘आईशी एकदा बोलून टाक’. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. आपल्या घरांत प्रेम करण्याची रीतच ती आहे. समोरच्याने दुखणे सांगावे आणि आपण लगेच काढा सुचवावा. आपल्या ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातही ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि शिकायला आलेल्याने सर्वांत आधी सोडायचा असतो तो नेमका उपदेशच.

ही शिस्त ज्यांच्यामुळे या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आली, त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे नाव पहिल्याच महिन्यात भेटते. समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा स्वतःचा सच्चेपणा या त्यांनी सांगितलेल्या अटी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. बंद दाराआड होणारे हे संभाषण त्यांनी, अर्थात परवानगीने, ध्वनिमुद्रित केले आणि 1942 साली एका व्यक्तीच्या बैठकांचे संपूर्ण शब्दांकन आपल्या पुस्तकात छापून अभ्यासासाठी खुले केले. समुपदेशक नेमके काय बोलतो, हे कोणालाही वाचून तपासता येईल असे झाले.

आजचे विद्यार्थी हेच करतात आणि त्याला ‘व्हर्बेटिम’ म्हणतात. महापालिकेची शाळा, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, एखादी स्वयंसेवी संस्था किंवा महाविद्यालयाचे समुपदेशन केंद्र, जिथे नेमणूक होईल तिथल्या बैठकीचा, समोरच्या व्यक्तीची संमती घेऊन आणि तिची ओळख पुसून, शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. डावीकडे क्लायंटचे बोलणे, उजवीकडे आपले. मग तो कागद घेऊन सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकासमोर, बसायचे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी या कागदावर लागते. त्याची पाठ्यपुस्तके इंग्रजी असतात, व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत होतात, प्रश्नपत्रिकाही बहुधा इंग्रजीतच सोडवल्या जातात, आणि डाव्या रकान्यातली बाई म्हणते, ‘काही नाही हो, नुसतं कसंतरी होतं.’ विद्यार्थिनी शेजारी ‘अँग्झायटी’ असे लिहून मोकळी होते. मार्गदर्शक विचारतात, ‘कसंतरी म्हणजे काय होतं, कुठे होतं, केव्हा होतं, हे तू त्यांना विचारलंस का?’ कारण त्या ‘कसंतरी’मध्ये पोटात पडणारा खड्डा असू शकतो, छातीतली धडधड असू शकते, किंवा नवऱ्याची घरी येण्याची वेळ जवळ आल्याची चाहूल असू शकते. इंग्रजी नाव घाईने चिकटवले की ही सगळी दारे बंद होतात.

मराठी माणूस मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या आणि जिवाच्या भाषेत सांगतो. डोके भणभणते, अंगातले त्राण जाते, करमत नाही, कशातच मन लागत नाही. ‘जीव’ या एका शब्दाभोवती तर आपल्या भावजीवनाचा केवढा तरी पसारा आहे. जीव लागतो, जीव तुटतो, जीव गुदमरतो, जीव टांगणीला लागतो, जीव विटतो. मुलांवर जीव टाकणारी आई वेगळी आणि ‘जीव नकोसा झालाय’ म्हणणारी आई वेगळी. आणि कधी कधी त्या दोघी एकाच खुर्चीत बसलेल्या असतात. जो विद्यार्थी हा शब्द ऐकताच त्याच्या जागी परीक्षेतली संज्ञा ठेवतो, त्याने अर्धे ऐकलेलेच नसते.

उलट दिशेचे भाषांतरही तितकेच फसते. पाठ्यपुस्तकातले प्रतिबिंबनाचे, म्हणजे समोरच्याची भावना आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगण्याचे, वाक्य जसेच्या तसे उचलले, तर ‘तुम्हाला एकटेपणा जाणवतो आहे असे मला ऐकू येत आहे’ असले काहीतरी तयार होते आणि समोरची व्यक्ती गोंधळून गप्प बसते. तेच ‘फार एकटं पडल्यासारखं झालं का?’ असे म्हटले की मान हलते, डोळे भरतात, बोलणे पुढे सरकते. इथे ‘का’ म्हणावे की ‘ना’, यावरसुद्धा सुपरव्हिजनमध्ये चर्चा व्हावी, असे माझे मत आहे. ‘झालं ना?’ म्हटले की समोरच्याला होकार देणे भाग पडते, ‘झालं का?’ म्हटले की नाही म्हणण्याची मोकळीक उरते.

मग प्रश्न येतो हाक मारण्याचा. चोवीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या बाईंना काय म्हणावे? काकू म्हटले की नाते जुळते, पण नात्यासोबत वडीलधारेपणाही येतो, आणि पुतणीच्या वयाच्या मुलीसमोर संसारातले काही विषय काढायचे नसतात हा संकेतही येतो. नुसते नाव घेतले तर उद्धटपणा वाटतो. त्यामुळे अनेक जणी ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ यांवर स्थिरावतात. काही मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत सरळ विचारायला शिकवतात, ‘मी तुम्हाला काय म्हणू?’ मला हीच रीत योग्य वाटते, कारण कित्येक बायकांना हा प्रश्न त्याआधी कोणी विचारलेलाच नसतो.

सर्वांत अवघड प्रश्न मृत्यूविषयीचा. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, उलट मनातले बोलायला वाट मिळते, हे विद्यार्थी वाचतात आणि त्यांना ते पटतेही. तरीही ‘आयुष्य संपवावं असं मनात येतं का?’ हे वाक्य शांत आवाजात, नजर न चुकवता उच्चारायला आठवड्यांचा सराव लागतो, कारण ‘असं अभद्र बोलू नये’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. उत्तर होकारार्थी आले आणि जिवाला खरोखर धोका दिसला, तर गोपनीयतेला तिथे मर्यादा येते आणि जीव वाचवण्याला अग्रक्रम मिळतो. मूल लैंगिक अत्याचाराविषयी बोलले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्याच बैठकीत सोप्या मराठीत सांगायच्या असतात.

पदवी हातात आल्यावर काय, याचेही उत्तर स्पष्ट हवे. समुपदेशनात एम.ए. केल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. 2021 च्या केंद्रीय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यांना संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे, आणि त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. नोकरी किंवा घर सांभाळून, लहान गावात राहून शिकणाऱ्यांना, त्यांतही स्त्रियांना, हा निर्णय जड जाणार आहे आणि त्यांच्यासाठी जवळची महाविद्यालये उभी राहायला हवीत. मात्र समोर माणूस बसवल्याशिवाय ऐकणे शिकता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

गरज किती आहे, ते 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले: वेगवेगळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. त्या खुर्च्यांवर बसणारी माणसे आज अशा वर्गांत शिकत आहेत. आणि हे पाहताना तुमचाच जीव जड झाला असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता पुन्हा त्या दोन रकान्यांकडे येऊ. पहिल्या सत्रातल्या व्हर्बेटिममध्ये उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब असतो. विद्यार्थी समजावतो, धीर देतो, उदाहरणे सांगतो. चौथ्या सत्रातल्या कागदावर डावा रकाना पानभर वाहत जातो. उजवीकडे तीनच नोंदी उरतात: एक प्रश्न, मग ‘(शांतता, सुमारे एक मिनिट)’, आणि त्याखाली एक ‘हं’.