विळ्यावरच्या माश्या

श्रोतेहो, नमस्कार.

इ.स. १२४७ मध्ये चीनमधील सुंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने मृत्यूच्या तपासाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक हकीकत आहे. एका माणसाचा खून झालेला असतो आणि अंगावरच्या जखमा विळ्याच्या दिसतात. तपास करणारा अधिकारी आसपासच्या सर्वांना आपापले विळे घेऊन बोलावतो आणि सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर मांडायला लावतो. दिवस उन्हाळ्याचे असतात. थोड्याच वेळात त्यांतल्या एका विळ्यावर माश्या घोंगावू लागतात.

ही हकीकत दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहावी. तो खुनाविषयी फारसे विचारत नाही. डोळ्यांना न दिसणारे रक्त माश्यांना कसे कळले, हे मात्र विचारल्याशिवाय राहत नाही. न्यायसहायक विज्ञानाची, म्हणजे आपण ज्याला सर्रास फॉरेन्सिक सायन्स म्हणतो त्या शास्त्राची, मुलांशी ओळख करून द्यायची ती या प्रश्नापासून, आणि त्यासाठी माहितीपर पुस्तकासारखे दुसरे साधन नाही, असे माझे मत आहे.

गुप्तहेरकथा मुले वाचतातच, आणि त्यांनी त्या जरूर वाचाव्यात. परंतु कथेतला गुन्हेगार लेखकाने आधीच ठरवलेला असतो, आणि हेराने शेवटी केलेला उलगडा आपण त्याच्यावर विश्वास ठेवून मान्य करतो. माहितीपर पुस्तकात तसा विश्वास चालत नाही. तिथे हा निष्कर्ष कशावरून काढला, आणि दुसऱ्या कोणी तोच तपास केला तर तेच उत्तर येईल का, हे सांगावे लागते. फ्रान्समध्ये एदमों लोकार यांनी १९१० साली ल्यों शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की एकीचे काहीतरी दुसरीला लागतेच, हा विचार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुलाच्या सदऱ्यावरचे मांजराचे केस दाखवले, की हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बोटांच्या ठशांचे प्रकरण तर प्रत्येक मुलाच्या हातातच असते. शंख, चक्र आणि कमान हे ठशांचे ढोबळ प्रकार होत. कागदावर पेन्सिलीने काळा ठिपका गडद घासावा, त्यावर बोट टेकवावे, मग बोटावर चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर चिकटवावी. रेषा स्वच्छ उमटतात. एवढे बहुतेक पुस्तकांत असते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे पान, जे पुष्कळ पुस्तके गाळतात. ठसे घेणे सोपे होते. हजारो माणसांच्या ठशांतून नेमका हवा तो कागद शोधायचा कसा, ही खरी अडचण होती. १८९० च्या दशकात बंगालच्या पोलीस खात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी या अडचणीवर जी वर्गवारी बसवली, ती एडवर्ड हेन्री या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली. (नाव कोणाचे झाले आणि काम कोणी केले, हाही मुलांशी बोलण्याचा विषय आहे.) तिचे मूळ गणित शाळकरी आहे. प्रत्येक बोटावर चक्र आहे किंवा नाही, अशा दोनच शक्यता. दोनाला दोनाने असे दहा बोटांसाठी गुणत गेले की १०२४ येतात. म्हणजे ठशांचे कागद १०२४ कप्प्यांत विभागता येतात आणि शोध एका कप्प्यापुरता उरतो. हा गुणाकार स्वतः करून पाहिलेले मूल घातांक कधी विसरणार नाही.

आता पुस्तक निवडण्याविषयी. मी पुस्तक हातात घेतले की आधी त्यात चुकांचे प्रकरण शोधतो. १९८४ साली लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली, हे सर्वच पुस्तके सांगतात. पण तिचा गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा उपयोग झाला तेव्हा, खुनाची कबुली दिलेला एक तरुण निर्दोष ठरला, हे सांगणारे पुस्तक मला अधिक मोलाचे वाटते. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेतील नामांकित तज्ज्ञांनी ठसा जुळल्याचे ठामपणे सांगितले, एका निरपराध माणसाला अटकही झाली, आणि तो ठसा दुसऱ्याचाच असल्याचे स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिले. दातांच्या व्रणांवरून माणूस ओळखण्याची पद्धत एके काळी न्यायालयांत मान्य होत असे. आज तिच्या शास्त्रीय आधाराविषयीच गंभीर शंका आहेत. असे काहीच नसलेले आणि प्रयोगशाळेला सर्वज्ञ ठरवणारे पुस्तक छपाईने कितीही देखणे असले तरी मी ते परत ठेवतो. प्रकाशनाचे वर्षही पाहावे, कारण डीएनएचे तंत्र फार वेगाने बदलले आहे.

मृत्यूच्या उल्लेखाची पालकांना धास्ती वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ठसे, माती, शाई आणि हस्ताक्षर पुरेसे आहे. हाडे, विषे आणि कीटक बाराव्या वर्षानंतर आले तरी बिघडत नाही. छायाचित्रे मात्र मोठ्यांनी आधी चाळावीत.

वाचताना माझी एक पद्धत आहे. तपासणीचा निकाल ज्या पानावर आहे, त्याच्या आधी पुस्तक मिटावे आणि मुलाला विचारावे, की तुझ्याजवळ एवढेच पुरावे असते तर तू काय म्हणाला असतास आणि किती खात्रीने. जुळ्या भावंडांच्या पानाशी हे हमखास करावे. एकाच गर्भपेशीपासून झालेल्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखाच असतो, तरी त्यांच्या बोटांचे ठसे वेगवेगळे असतात. असे का व्हावे, याची मुलांनी दिलेली उत्तरे ऐकून घ्यावीत, वहीत लिहून ठेवावीत आणि मगच पान उलटावे.

नमस्कार.