पांढरा ठिपका नेमका कशाचा?

काचेपाशी आलेल्या या नर गोल्डफिशकडे जरा निरखून पाहा. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढऱ्या पुळ्या उठल्या आहेत. पुष्कळ घरांत एवढे दिसताच औषधाची बाटली उघडली जाते, परंतु हा आजार नव्हे. विणीच्या हंगामात नराला अशा पुळ्या येतात आणि हंगाम सरला की त्या आपोआप जातात.

या शेजारच्या माशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या अंगावर, शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके विखुरले आहेत. पर मिटून तो तळाशी बसतो आणि मध्येच उसळून खड्यांवर अंग घासतो. हा इक्थिओफ्थिरिअस नावाचा एकपेशीय परजीवी. तो कातडीच्या वरच्या थराखाली दडलेला असल्यामुळे पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पोसून झाला की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले बाहेर सोडतो. या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, आणि औषध लागू पडते ते याच काळात. २५ अंश सेल्सिअसला हे चक्र सुमारे आठवड्याभरात पुरे होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे चालते. म्हणूनच ठिपके गेले की उपचार थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अंग घासण्यामागे अन्य कारणेही असतात. पाण्यात अमोनिया वाढला तरी मासा असाच बेचैन होतो, तेव्हा पहिली तपासणी पाण्याची व्हायला हवी. माशावरची ऊ आणि नांगरकिडा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चपटे कृमी मात्र दिसत नाहीत. त्यांतला कल्ल्यांवरचा डॅक्टिलोगायरस अंडी घालतो, त्यामुळे औषधाची मात्रा पुन्हा द्यावी लागते. कातडीवरचा गायरोडॅक्टिलस थेट पिल्लू जन्माला घालतो, आणि त्या पिल्लाच्या पोटातही पुढचे पिल्लू वाढत असते. या कृमींवर चालणारे प्राझिक्वांटेल पांढऱ्या ठिपक्यांवर निरुपयोगी आहे. निदानाआधी औषध देऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

निदानाची रीत तशी साधी आहे. ओल्या हातात मासा अलगद धरून छातीच्या पराच्या मागे, डोक्याकडून शेपटीकडे, पातळ काच हलकेच फिरवायची आणि आलेला बुळबुळीत थर काचपट्टीवर टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवायचा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने परजीवी मरू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश गरगरणारा गोल आणि त्यात घोड्याच्या नालेसारखे वळलेले केंद्रक दिसले, की तो इक्थिओफ्थिरिअसच, यात शंका उरत नाही. नमुना मात्र जिवंत, आजारी माशाचाच हवा. रात्री केव्हातरी मेलेल्या माशाला बरेच परजीवी सकाळपर्यंत सोडून गेलेले असतात.